फ्रिजातल्या कोषांचं बाळंतपण

आटपाट नगर काही नव्हतं, दर्यापूरच होतं. तिथं एक म्हातारी, तिचा लेक, सून अन् कॉलेजात शिकणारी नात वैशाली, असे चौघं राहत. म्हातारी म्हणजे मी. आता काय सांगू तुमाले, त्या म्हातारीनं यंदा हिवाळ्यात असा घोळ घातला की ऐकताना चहा सांडेल. कप खाली ठेवा आधी.

वैशाली अमरावतीले किड्या-पाखरांचं शिकते. तिच्या मॅडमनं पोरींले उत्तरेकडच्या थंड डोंगरातल्या एका पतंगाचे सहा-सहा कोष दिले. पतंग म्हणजे दिव्यावर येते ते पाखरू, पण हे तळहाताएवढं. कोष खारकेसारखे, अंगावर रेशमाची गोधडी. हॉस्टेलात फ्रिज नाई, म्हणून पोट्टीनं डबा आमच्या फ्रिजात आणून ठेवला. होळीपर्यंत थंडीत ठेवायचे, मग बाहेर काढून काय होते ते वहीत लिहायचं. जिची वही चांगली, ती मॅडमसंगं महिनाभर त्या डोंगरात जाणार. वैशालीनं त्या डोंगराचं चित्र घरी आपल्या उशाशी लावलं होतं. आमच्या घरातलं कोणी चिखलदऱ्याच्या वर चढलं नाई, बाप्पा.

"आजी, डब्याले हात लावू नको," असं सांगून ती गेली.

नाई लावला. आठ दिवस नाई लावला. नवव्या दिवशी ताकाचा गंज, म्हणजे पातेलं, काढाले फ्रिज उघडला अन् डबा समोर आला. एक कोष तळहातावर घेतला. थोड्या वेळानं तो आतून हालला.

आता तुमीच सांगा, चाळीस वर्षं मी गावातल्या बाळंतिणी सांभाळल्या. पोटातला जीव हालून राहिला अन् माय बर्फात पडली, हे मी पाहू काय? शिकलेल्या लोकाईले एवढंही समजू नये?

टोपलीत घरच्या कापसाची रुई पसरली, सहाही कोष निजवले. टोपली खाटेवर, खाटेखाली शेगडी. वारा लागू नये म्हणून दार लोटलं. अन् संध्याकाळी ओव्याची धुरी. आपलं काम अर्धवट नसते.

पण ओव्याची धुरी लपून राहते काय? तिसऱ्या दिवशी शेजारची कमलाबाई वाटीभर तूप घेऊन आली. लोटलेलं दार पाहिलं, आवाज खाली केला अन् विचारलं, "पोरगा झाला की पोरगी?"

माझं सारं ध्यान टोपलीत. मी म्हटलं, "सहा आहेत. अजून व्हायचे आहेत."

कमलाबाई भिंत धरून खालीच बसली.

माझी सून सत्तेचाळीस वर्षांची. ती बाजारातून येत होती तं गल्लीतल्या बायांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, हळू चाल म्हणाल्या. घरी आल्यावर तिले सारं समजलं. आठ दिवस माझ्याशी बोलली नाई.

शनिवारी वैशाली आली. मी मोठ्या तोऱ्यात दार उघडून दाखवलं. पोट्टीनं टोपली पाहिली, खाटेखालची शेगडी पाहिली. रागावली असती तं बरं होतं.

"आजी, बर्फ पडते तेव्हा हे कोष झाडाले चिकटून झोपतात. थंडी पुरी झाली नाई तं आतल्या आत मरतात. माझं डोंगराचं गेलं."

तिनं उशाचं चित्र काढून पुस्तकात ठेवून देलं. दुसऱ्याच्या लेकरांचे जीव वाचवणारी मी, अन् घरच्या लेकराचं असं करून बसली.

तिनं मॅडमले फोन लावला. मॅडम म्हणाल्या, आता परत फ्रिजात ठेवू नका, काही बदलू नका, जे होईल ते लिहा. पण वैशालीची परीक्षा. लक्ष कोण ठेवणार? मी. लिहिता येत नाई, म्हणून डोक्यात ठेवत गेली.

दोन कोष कोरडे पडले. फोनानंतर चौथ्या दिवशी दूधवाला आला तेव्हा पहिलं पाखरू निघालं. पंख पिळलेल्या फडक्यासारखे, पाय रुईत गुतलेले. मी सोडवून तुरीच्या काडीवर, तुराटीवर चढवलं. ते लटकलं, अन् ऊन उंबऱ्यावर येईस्तोवर पंख उघडले. चार पंख, प्रत्येकावर एक डोळा. सून मागं येऊन उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "बाळ चांगलं निपजलं."

असे चार निघाले. कोणतं कधी, कोणत्या उन्हात, किती वेळ थरथरलं, सारं मी सांगितलं अन् वैशालीनं लिहून घेतलं. मग मॅडम स्वतः घरी आल्या. त्यायनं मले विचारलं, शेगडीची ऊब किती होती?

"बाळंतिणीच्या पाठीले सोसवते तितकी."

त्यायनं तेही लिहून घेतलं. म्हणाल्या, डोंगरात आता थंडी लवकर सरून राहिली, तवा या पाखरांचं काय होईल हेच आमाले पाहायचं आहे. बाकीच्या पोरींचे कोष अजून झोपूनच होते. वैशालीचं नाव पहिलं लागलं.

काल मी तिले म्हटलं, एवढं सांगितलं मी, वहीत माझं नाव आहे की नाई ते वाच. पोट्टी वाचेचना. शेवटी एक पान काढून वाचलं. वर लिहिलं होतं, 'प्रयोगात आलेल्या अडचणी'. खाली एकच.

'आजी.'

असू दे. त्याच अडचणीच्या जोरावर पोट्टी वैशाखात डोंगराले चालली.