अळंबीअक्कांची बाटली

श्रीगजाननास वंदन करून, अळंबीअक्कांच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशी हे स्मरण लिहितो.

‘टाकून द्या’ हे शब्द अक्कांना सहन होत नसत. कानी पडताच त्या पदर खोचून वळत : “का? कोणी सांगितलं?” रसायनशास्त्राची प्राध्यापकी सोडून त्यांनी शहराबाहेरच्या मारतहळ्ळीत, आमच्या देवस्थानाच्या जागेत, भाड्याच्या शेडमध्ये अळंबीची लागवड आरंभिली. तेव्हा भोवती नाचणीची शेते होती. आता तेथे संगणकवाल्यांच्या इमारतींचे पाये खणले जात आहेत.

अळंबी बाजारात जाई, चिवट देठ मागे उरत. अक्का ते वाळवून दळीत, स्पिरिटमध्ये भिजवीत आणि गाळून वाफेवर आटवीत. उरलेल्या तपकिरी अर्काने तेल लवकर खवट होत नाही, असा त्यांचा दावा होता. त्यातील गुणकारी द्रव्याला त्या ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणत. पावसाळ्यात मात्र देठ वाळत नसत आणि ढिगाला वास सुटे.

मी देवळात पुराण सांगणारा. आमच्या घरी छत्राक निषिद्ध. अक्कांनी कधी आग्रह केला नाही. “अण्णा, खाऊ नका. स्वल्प हुंगा, पुरे.”

एका आषाढात देवस्थानाच्या अध्यक्षांनी शेड सोडण्यास फर्माविले. “अक्का, कुत्र्याच्या छत्र्यांचा उकिरडा देवाच्या दारात नको.”

“उकिरडा नव्हे, कच्चा माल! एकाच डब्यातलं शेंगतेल दोन बाटल्यांत भरा. एकीत माझा अर्क घालते. दोन्ही सभामंडपाच्या खिडकीत ठेवा. दिवाळीला माझं तेल खवट निघालं तर शेड मीच पाडीन. नाही निघालं, तर हलणार नाही.”

“सरी, कबूल,” अध्यक्ष हसले, “टेम्पो सांगून ठेवतो.”

दिवाळीला हुंगण्याचा मान मला मिळाला. नुसत्या तेलाला जुन्या चकलीच्या डब्याचा वास होता. अर्काच्या तेलाला ताज्या दाण्यांचा. अध्यक्षांनीही हुंगले. “तेल बरं आहे. पण अळंबी ती अळंबीच. शेड सोडा.”

“मी हलत नाही,” अक्का कडाडल्या. “टेम्पो आणलाय, तर तुम्हीच बसा त्यात!”

मी उठलो. “देवासमोर दिलेला शब्द मोडणार असाल, तर उद्यापासून पुराण शेडच्या दारात होईल.”

तसे झाले. ढिगाशेजारी सतरंज्या पडल्या. पहिल्या ओळीत, नाकाला पदर लावून, अध्यक्षांच्या मातोश्री बसल्या. त्यांनी घरी काय सुनावले ते ठाऊक नाही. पण टेम्पोचा विषय संपला. अक्कांनी देठांसाठी पत्र्याची छपरी उभारली आणि अखेरपर्यंत शेड सोडली नाही.

अक्कांच्या आजारपणात मी एकदा विचारले, “अक्का, ते तेल कायम टिकेल का?”

“छे, अण्णा! कधीतरी खवट होणारच. पण त्यानं घाई केली, तर गाठ माझ्याशी आहे.”

वैद्यांनी सांगितलेली मुदत त्यांनी याच जिद्दीने ओलांडली.

वाचकहो, आपल्या घरी कोणी टाकाऊ न ठरो. आणि कोणी तसे म्हणालेच, तर ‘कोणी सांगितलं?’ असे विचारण्याचे बळ श्रीगजानन आपल्या सर्व कुटुंबास देवो.