किल्लेदाराचा घसा

आमच्या स्वयंपाकघरात माझ्या घशासाठी हळदीची वेगळी बरणी आहे. बायकोनं ठेवलेली. ती का ठेवावी लागली, याचं खरं कारण ना बायकोला ठाऊक, ना मुलीला, ना त्या मित्रांना, ज्यांच्यासमोर दरवर्षी मला हळदीचं दूध प्यावं लागतं. तुम्ही पहिले. तुम्हालाच का? तुम्ही आमच्या घरी कधी जेवायला येणार नाही, म्हणून असेल — आणि आलात तरी माझ्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही, इतका मी आता सराईत झालोय.

बेळगावात शिवजयंतीला चित्ररथ निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांबू आणि गोणपाटाचा किल्ला, वर गल्लीतली पोरं मावळे होऊन उभी, आणि संवाद आधीच कॅसेटवर भरलेले. ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा. सगळ्या गल्ल्यांची तीच पद्धत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. हे आधी सांगितलेलं बरं — नाहीतर पुढचं सगळं त्या पद्धतीवर ढकलायचा मोह मलाच होईल.

ऐन पंचविशीत मी किल्लेदार झालो. उंची होती, छाती होती, आणि नाटकवाल्याकडून आणलेली दाढी मला शोभायची. तो किल्लेदार इतिहासाच्या पुस्तकात शोधू नका. त्याला आमच्या विलासअण्णांनी जन्माला घातलं. ट्रॅक्टर त्यांचा, म्हणून गोष्टही त्यांची. वेढा पडलेला आहे, गडावर खायला दाणा नाही, आणि बुरुजावर उभा राहून किल्लेदार खालच्या गनिमाला सुनावतो — "धान्य संपलं असेल, दारूगोळा संपला असेल. माणसं संपलेली नाहीत. गड मिळणार नाही." आजही लिहिताना अंगावर काटा येतो. आमच्या मित्रमंडळींत कुणी बिल द्यायला टाळाटाळ केली तरी हेच वाक्य म्हणतात.

आणि त्या बुरुजाच्या आत सदा होता. सदा म्हणजे माझा सांबऱ्याच्या शाळेपासूनचा मित्र, हल्ली उद्यमबागेत कारखान्यात असतो. रस्त्यातल्या खड्ड्यांनी गोणपाटाचा बुरूज हलायचा. तो आतून दोन्ही हातांनी धरून बसायचं, हे सदाचं काम. लोकांना तो दिसायचाही नाही.

तर ऐन चौकात, परीक्षकांसमोर, कॅसेट गुंतली. मी तलवार उपसली, गर्दी गप्प झाली, आणि कर्ण्यातून नुसती खरखर. मग आवाज आला. काय आवाज होता तो! पोटातून आलेला, जरा घोगरा, शेवटच्या शब्दाला किंचित थरथरणारा. "गड मिळणार नाही." शिट्ट्यांना खंड नव्हता. पहिला नंबर आमचा. त्या दिवसापासून मला लोक 'सरदार' म्हणतात, भाजीवालीसुद्धा.

लग्नसुद्धा त्याच आवाजावर जमलं. रेखा निपाणीची. मावशीकडे आली होती, चौकात गर्दीत मागे उभी होती. मी बघायला गेलो तेव्हा तिनं आत जाऊन आईला सांगितलं म्हणे, "चेहरा कुठं दिसलाय गं, दाढीच हुती. पण आवाज आयकलाय. चालंल मला."

आता कळलं ना तुम्हाला? माझ्या तोंडातून त्या दिवशी एक अक्षर फुटलं नव्हतं. वाक्य पाठच नव्हतं माझं, कॅसेटच्या भरवशावर होतो. दाढीमागे तोंड उघडं टाकून मी उभा होतो. तो आवाज बुरुजातून आला होता.

मिरवणूक संपल्यावर सदा बाहेर आला. केसांत गोणपाटाचे धागे, डोळ्यांत नुसता आनंद. त्यानं विचारलं, "मी वरडलो त्ये आयकू आलं काय रं?"

मी म्हणालो, "मीबी वरडलो की. दोघांचा मिळून एक झाला."

त्यानं मला मिठी मारली. "तरीच म्हटलं, एवढा मोठा कसा आला!"

हे खोटं. पण एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला थांबवून घेतलं असतं? गडबडीत माणूस बोलून जातो, दुसऱ्या दिवशी सुधारतो. मी सुधारलं तर नाहीच —

पुढच्या वर्षी सदा मला एकट्याला म्हणाला, "एकदा कॅसेटवर यायचं हाय रं मला. एकच वाक्य असंना." आणि त्याच आठवड्यात विलासअण्णांनी मला विचारलं, "औंदा सदाचा आवाज घ्यूया काय? लई दिवस मागं लागलाय." सदाचा आवाज कर्ण्यावर लागला असता, तर चौकातल्या पोरानंही ओळखला असता. रेखाचा होकार नुकताच आला होता. मी डोकं खाजवलं आणि अगदी सदाच्या भल्याचं बोलतोय अशा सुरात म्हणालो, "न्हाय अण्णा. त्यो बुरुजालाच बरा. माइक बघितला की त्याची बोबडी वळती."

बोबडी माझी वळली होती. सदा नंतरही कित्येक वर्षं बुरुजात बसला, कॅसेट जाऊन पेन ड्राइव्ह आला तरी. त्याला कधी विचारलंच गेलं नाही. का विचारलं गेलं नाही, हे त्याला अजून माहीत नाही.

त्या चित्ररथाचं चित्रण एका लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं केलं होतं. शिवजयंतीनंतरच्या रविवारी आम्ही ते टिळकवाडीत माझ्या घरी बघतो. भजी, कुंदा, आणि पोट धरून हसणं. कुठल्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ आहे, कुणाच्या पायात रबरी चप्पल, घोड्यावरचे विलासअण्णा पोलिसाला बघून कसे सावरून बसलेत — सगळं पाठ आहे, तरी हसतो. खरं सांगतो, वर्षातला एवढा सुखाचा दिवस मला दुसरा नाही. मग तो क्षण येतो, आणि सगळे म्हणतात, "सरदार, म्हणा की एकदा!" मी गळ्याला हात लावतो. घसा बसलाय. रेखा उठते, दूध तापवते.

यंदा मुलीनं नवीन टूम काढली. "रील करूया. मी आवाज बंद करते, एकेकानं संवाद म्हणायचा." विलासअण्णांनी संवाद म्हणायला घेतला आणि मध्येच खोकले. मी घसा दाखवला. मग ती सदाकडे वळली, "काका, तुम्ही." तो लाजला, भजी खाली ठेवली, हात पुसले. पडद्यावर मी तलवार उपसली —

"गड मिळणार नाही."

तोच. जरा घोगरा, शेवटी थरथरणारा. मला वाटलं, झालं, संपलं. खरं सांगू? बरंच वाटलं.

विलासअण्णांनी मांडीवर थाप मारली. "काय नक्कल केलास रं सरदाराची! हुबेहूब!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सदा लाल झाला. "इतकी वर्सं आयकलोय की," तो म्हणाला. "दोस्ताचा आवाज जमणार न्हाय व्हय?"

मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात.

रेखा दुधाचा ग्लास घेऊन आली. माझ्यापुढे धरता धरता थांबली आणि हसून सदाकडे वळली. "भावजी, आज वरडलाय तुमी. तुमीच घ्या."

सदानं ग्लास हातात घेतला, आणि माझ्यापुढे केला. "न्हाय वहिनी, त्याचं हाय त्ये. त्याला घसा जपाय पायजे."

मी घेतला. हळद चांगली घातली होती, वर साय होती. सगळं प्यायलो.