जांभळाचा अख्खा फोटो

येडगावला आमच्या बांधावर एक आंबा होता. दोघांनी हात पसरले तरी बुंधा कवेत यायचा नाही. मी माल आणायला दोन दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर चुलतभावाने तो आडवा करून ओंडकेसुद्धा गाडीत भरून पाठवले होते. जाब विचारला तर म्हणाला, "मधी येत व्हता." बांध दोघांचा, आंबा दोघांचा, पण मला एक फोन करावा असं त्याला वाटलं नाही. चार वर्षं झाली, आमचं बोलणं बंद आहे. त्या वेळी घरातले सगळे अल्बम उलटून पाहिले. कुठे एक फांदी, कुठे बुंध्याला टेकलेला मामा. अख्ख्या आंब्याचा एकही फोटो नाही.

तेव्हापासून मी जुन्या झाडांचे फोटो काढतो. कॅमेरा नारायणगावच्या एका लग्नाच्या फोटोवाल्याचा, जुना. तासभर घासाघीस केली, शेवटी तावातावाने उठून चालू लागलो, तेव्हा तो मागे धावत आला. वारूळवाडीत माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. दुसऱ्याकडे वायंडिंग करत शिकलो आणि स्वतःचं उभं केलं. भाव पाडल्याशिवाय मी मेथीची जुडीही घेत नाही.

गेल्या दिवाळीनंतर आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, एका वाडीच्या देवराईत गेलो. राई राखणारा माझ्याच वयाचा होता. त्याने तोंडावरच बजावलं, "चपला भाईर, पावणं. आन आतलं पान बी तोडायचं न्हाई."

आत ते जांभूळ होतं. जांभूळ मी जन्मापासून पाहतोय, पण हे पाहून मान खाली घ्यायचंच विसरलो. बुंधा माणसाच्या उंचीवर फुटलेला आणि फांद्या वर जायच्या सोडून आडव्या निघालेल्या. एक फांदी तर ओढा ओलांडून गेली होती. पलीकडच्या खडकावर कोपर टेकून तिथून पुन्हा वर चढली होती. अंगभर शेवाळ, शेवाळात नेचे. घाटाखालून धुकं चढलं की पानापानातून थेंब टपकायचे आणि पाऊस नसताना डोकं भिजायचं. एवढं वय, पण शेंड्यांना तांबूस पालवी. आमच्या आंब्यासारखे पाच झाले असते यात.

मला ते एका फोटोत अख्खं हवं होतं. मागे सरकत सरकत ओढ्याकाठच्या दगडाला पाठ लागली, तेव्हा कुठे सगळं मावलं. पण बरोबर बुंध्यासमोर त्याचंच एक रोप होतं, छातीएवढं. मी पुढे जाऊन त्याचा शेंडा मोडला.

"मोडलात?" राखणदार मागेच उभा होता.

"एवढासा शेंडा, भाऊ. मधी येत व्हता."

बोललो आणि माझेच कान तापले. हेच तीन शब्द मी चार वर्षं गावभर सांगत फिरलो होतो, शिव्यांसकट.

"मंग ती फांदी बी मोडा की," तो म्हणाला. "लई आडवी आलीया. चांगला उजेड पडंल."

त्याने बाहेरच्या वाटेकडे हात केला. मी चिडलो. चूक माझी असली की मी जास्तच चिडतो. "पन्नास मैलांवरनं आलोय, राव! एका शेंड्यापायी हाकलता काय?"

"कॅमेरा पिशवीत घाला. चला."

मग मी सौद्यावर आलो. देवाला एक मोटार बसवून देतो म्हणालो, पाइपासकट.

तो पोट धरून हसला. "देवाला मोटार? अवो, देवाच्या पायाशी ओढा वाहतोय. तुमी घरी न्या ती मोटार!"

गिऱ्हाईक हसलं की सौदा होतो, असा माझा अनुभव. इथे झाला नाही. हसू आवरून त्याने शेंदूर लावलेल्या दगडाकडे बोट केलं. "आमच्यात चुकून काय मोडलं, तर ते तितं ठेवायचं आन काय केलं ते मोठ्यानं बोलायचं. मंग देव बगून घेतो."

मी शेंडा दगडापुढे ठेवला. "मी झाडाचं रोप मोडलं," म्हणालो. तो म्हणाला, "मोठ्यानं, पावणं." पुन्हा बोललो.

मग त्याने मला पुन्हा ओढ्याकाठच्या त्या दगडापाशी नेऊन उभं केलं आणि धुकं सरेपर्यंत स्वतः शेजारी बसून राहिला. "आता काढा," म्हणाला.

तो फोटो मोठा करून दुकानात लावलाय. जांभूळ अख्खं आलंय, ओढ्यापलीकडच्या कोपरासकट. बुंध्यासमोर शेंडा मोडलेलं रोपही आलंय. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, ते मधलं रोप कॉम्प्युटरवर पुसून टाका की."

मी त्याच्यावर असा खेकसलो की तो मोटार न घेताच गेला. चुलतभावाशी अजून बोललेलो नाही. पण आंब्याची गोष्ट सांगायला तोंड उघडलं की नजर आधी त्या रोपावर जाते, आणि शिव्या पूर्वीइतक्या जोरात निघत नाहीत.