जुवाचा आरसा

गेल्या पोळ्याला मला बैलाबरोबर जुंपण्यात आले, हे विधान साफ खोटे आहे.

आसेगावात सध्या या प्रसंगाच्या तीन आवृत्त्या प्रचलित आहेत. पहिली माझ्या पत्नीची, दुसरी शेजारच्या गजाननची आणि तिसरी गावातल्या रिकामटेकड्यांची, जी चक्क तालासुरात गायली जाते! तिन्ही आवृत्त्यांत हसे माझेच होते. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवले आणि जन्मभर घरची शेती केली. शब्द कसा वापरावा आणि बैल कसा जुंपावा, या दोन्ही विषयांत मला अक्कल शिकवण्याचा अधिकार या गावात कोणालाही नाही. म्हणून खरे काय ते लिहितो आहे.

संकटाचे मूळ आरशात नाही. मूळ आहे आमचे चिरंजीव प्रकाश. त्यांनी ट्रॅक्टर घेतला आणि चांद्या-पाखऱ्या ही माझी जोडी गजाननला विकून टाकली. (मला विचारले होते. मी नाही म्हणालो होतो. आमच्या घरात याला चर्चा म्हणतात.) पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जोडी उभी करण्याचा मान आजोबांच्या काळापासून आमच्या घराचा. ती उभी राहिली, की तोरण तोडतात आणि पोळा फुटतो. पण जोडी जाताच गावातली चार शहाणी माणसे माझ्या ओसरीवर आली आणि माझाच चहा पीत म्हणाली, "मास्तर, जोडीच नाई राह्यली, त मान कायचा? ह्या साली गजानन उभा राहीन."

"मी ट्रॅक्टर उभा करतो!" मी गरजलो.

"त्याले पुरनपोयी कोठून चारसान?" एकाने विचारले आणि बशीतला उरलेला चहाही संपवला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जो जाळ पेटला, तो अद्याप विझलेला नाही.

त्याच सुमारास वाशीमला एका ओळखीच्या शेठजींच्या कापडदुकानाची तोडफोड चालली होती. ज्या आरशापुढे साड्या खांद्यावर टाकून बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्यांना ताटकळत ठेवले, तो जाडजूड आरसा रस्त्यावर काढून ठेवलेला. कडेचा पारा उडालेला, पण मध्ये लख्ख! शेठजी म्हणाले, "न्या मास्तर, नाहीतर भंगारातच जाणार आहे." मी तो गोधडीत गुंडाळून एसटीने घरी आणला. (कंडक्टरने आरशाचे तिकीट मागितले. त्या वादात मी जिंकलो, एवढेच नमूद करतो.)

आरसा घरात शिरताच सगळे कलावंत झाले! सूनबाई वर्षा मोबाइलवर बोट फिरवत म्हणाली, "आबा, ह्याले फुटक्या बांगड्याच्या काचा चिटकवू. आइस्क्रीमच्या काड्याईचं फूल करू, अन्‌ मांगून लायटिंग सोडू!"

"कडेनं मोत्याची लेस लाव वो," आमच्या सौ. म्हणाल्या. "रुखवताची उरेल हाये."

"न्हानीत लावा. दाढीले कामी येईन," प्रकाश म्हणाला. त्याची कल्पनाशक्ती ट्रॅक्टरच्या पुढे कधी गेलीच नाही.

"हा आरसा आहे, नवरी नव्हे!" मी सगळ्यांना गप्प केले. "याला मी आपल्या जुवाची चौकट करणार."

"जुवाले आरसा? काहून?"

"मान नेला, जोडी नेली, पण जू अजून याच घरात आहे. पोळ्याला दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसले पाहिजे आणि त्याच्या खाली त्याचे स्वतःचे निर्लज्ज तोंडही दिसले पाहिजे!"

सौ.नी वर्षाकडे पाहिले. वर्षाने छताकडे पाहिले.

मी माळ्यावरून जू काढले, घासले, तेल पाजले. दोन्ही टोकांना बैलाची मान अडवणाऱ्या खुंट्या, म्हणजे शिवळा, पुन्हा बसवल्या. त्यावर घुंगरमाळा, कवड्यांचे पट्टे, लोकरीचे गोंडे. मधोमध साखळीने आरसा टांगला. ज्याला टाकाऊतून टिकाऊ म्हणतात, त्याचा इतका देखणा नमुना मंगरुळपीर तालुक्यात दुसरा नसेल! परंतु नव्याने रंगवलेल्या भिंतीला वर्षा खिळा ठोकू देईना. मग मी अंगणातच दोन दुबेळकी लाकडे रोवली आणि त्यांच्या बेचक्यांत जू आडवे ठेवले.

"आबा, लय खाली झालं," वर्षा आरशापुढे उभी राहून म्हणाली. "ह्यात तं तोंड दिसतच नाई. तुमी उभे राहा बरं. पाहा, निस्तं धोतर दिसून राह्यलं!"

"उंची बरोबर आहे!" मी ठणकावले.

आणि उंची बरोबरच होती. हयातभर रोज सकाळी जू उचलून माझ्या हाताला जी उंची पाठ झाली, नेमकी तीच. फक्त ती माणसाच्या तोंडाची नसून बैलाच्या खांद्याची होती, हे कोणाच्याही लक्षात आले नाही. (सौ. म्हणतात की त्यांच्या आले होते. त्यांच्या आवृत्तीतला खोटेपणा येथून सुरू होतो.)

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणे हे आमच्याकडे महापाप. तो त्याच्या आरामाचा दिवस. हे मला ठाऊक नव्हते, असे सुचवणाऱ्यांनी माझ्यासमोर येऊन सुचवावे.

दुपार कलल्यावर गजानन सजवलेली जोडी घेऊन दारात आला. "मास्तर, पहिला टिया तुमच्या हातचा. मंग तोरनाखाली जातो," तो चांद्याच्या कपाळाकडे बोट दाखवत म्हणाला आणि नमस्कारासाठी त्याने चांद्याचा कासरा सोडला. सौ. सुपात पुरणपोळ्या घेऊन आल्या. पाखऱ्याने थेट सुपातच तोंड घातले. मी ऐटीत एक हात जुवावर ठेवून उभा होतो. चांद्याला पाहून मला भरून आले. मी म्हणालो, "ये बाप्पा चांद्या, ये."

गजाननचा सगळा आरोप या वाक्यावर उभा आहे. शेतात रोज, एक हात जुवावर ठेवून, याच शब्दांत मी चांद्याला जुंपायला बोलावत असे, हे त्याचे म्हणणे. बरोबर आहे. पण ती हाक कामाची होती आणि ही मायेची! दोन्हींतला फरक माझ्या आवाजात स्पष्ट होता. बैलाला तो कळला नाही, हा बैलाचा दोष.

चांद्या आला. आरशातल्या नटलेल्या बैलाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. मुकाट मान खाली घालून तो उजव्या शिवळांमध्ये शिरला, खांदा वर केला आणि अख्खे जू बेचक्यांतून उचलून चालू लागला!

"आबा, आरसा!" वर्षा किंचाळली.

जुवाचे डावे टोक जमिनीकडे झुकले होते. आणखी वीतभर, की काचांचा चुरा! अशा वेळी कोणत्याही समंजस गृहस्थाने जे केले असते, तेच मी केले. डाव्या टोकाखाली शिरून ते खांद्यावर घेतले. निव्वळ आरसा वाचवण्यासाठी! आता शिवळांमध्ये माझी मान आपोआप आली, याला मी काय करणार? त्यांची रचनाच तशी असते.

"थांब चांद्या! हो, हो!" मी ओरडत होतो, पण रस्त्यावर डफडी अशी वाजत होती की माझे मलाच ऐकू येईना. मी थांबलो असतो तर आरसा गेला असता. चालत राहिलो तर अब्रू. मी आरसा निवडला.

"अवं माय! मास्तर जुपले!" कोणीतरी ओरडले.

"डावा बैल बुढा दिसते गड्या!"

"पन चाल पाय ना त्याची! कसा दबून चालून राह्यला!"

एका टोळभैरवाने आरशाबरोबर वाकून उलटे चालत त्यात भांग पाडला! एक म्हातारी ताट घेऊन धावली. तिने चांद्याला टिळा लावला आणि त्याच झपाट्यात मलाही. मी निषेधासाठी तोंड उघडले. तिने त्यात पुरणपोळी कोंबली! त्यानंतर मैदान येईपर्यंत माझ्याकडून निषेध झाला नाही, याचे कारण ती पोळी होती, संमती नव्हे.

मैदानात इतर जोड्या रांगेने उभ्या होत्या. चांद्याने कोणाकडे पाहिले नाही. सरळ पुढे जाऊन तो तोरणाखाली, आमच्या घराच्या जागी, दर वर्षीसारखा उभा राहिला. त्याला कोणी चहा पिऊन निर्णय कळवला नव्हता.

मागून गजानन पाखऱ्याला ओढत आला. "मास्तर! पोयाच्या दिशी बैलाले जुपलं! पाप हाये हे!"

"मी त्याला जुंपले नाही!" पोळी गिळून मी कडाडलो. "त्यानेच मला..."

वाक्य अर्धवट सोडणे हा माझा स्वभाव नाही. तेथे मात्र सोडले.

गावचे पोलीस पाटील पुढे आले. त्यांनी चांद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग वाकून आरशात पाहत फेटा नीट केला. "जोडी हाये," ते गंभीरपणे म्हणाले. "मानाच्या जागी हाये. तोडा तोरन!"

तेवढ्यात मागून कोणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचे चढ्या आवाजातले गाणे, म्हटली:

"मास्तरच्या जुवाले आरसा जडला,
चांद्याच्या जोडीले मास्तरच पडला!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

हीच ती तिसरी आवृत्ती. यमक बरे आहे, एवढे मी मराठीचा शिक्षक म्हणून मान्य करतो.

आरशाला ओरखडाही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मला खाटेवरून उठता येईना. सौ. हळद-तुपाची वाटी घेऊन आल्या आणि माझे खांदे चोळू लागल्या. "बैलाचे खांदे पोयाच्या आदल्या दिशी शेकतात वो," त्या म्हणाल्या. "तुमी सांगाचं नव्हतं का आंधी?"

मी रागाने त्यांच्याकडे वळायला गेलो. मान वळत नव्हती.

आता पोळा पुन्हा तोंडावर आला आहे. तीच चार शहाणी माणसे काल ओसरीवर येऊन चहा पिऊन गेली. "मास्तर, मान तुमचाच हाये. गजानन चांद्या द्यायले तयार हाये, जू तं तुमचं हायेच. ह्या साली येता ना?"

मी त्यांना खडसावून सांगितले, की असल्या थट्टेला मी भीक घालत नाही. तरीही आजोबांपासूनच्या मानाचा प्रश्न असल्यामुळे एका अटीवर विचार करीन: माझा डावा खांदा अजून ठणकतो, तेव्हा यंदा चांद्याला डावीकडे घ्यावे आणि मला उजवीकडे जुंपावे.