पालथं टोपलं

परमेश्वराने मावळात डोंगर करताना हात जरा सैल सोडला. गड-किल्ल्यांना लागतील तेवढे उंच डोंगर करून झाल्यावर उरलेल्या मातीचे बारीकसारीक ढीग त्याने इकडेतिकडे टाकून दिले आणि विसरून गेला. या विसरलेल्या ढिगांवर जीव टाकणारा माणूस मात्र त्याने एकच घडवला, आणि तो लोणावळ्यात आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. रेल्वेच्या तारखात्यात तीस वर्षं कट्ट-कडकट्ट करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना तारमास्तर म्हणे. मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा शिक्षक होतो, एकटा होतो, आणि त्यांच्या घरच्या भाकरीचा लोभी होतो. दर रविवारी त्यांच्यामागून टेकाडं चढण्याचं खरं कारण एवढंच; निसर्गप्रेम वगैरे मला पुढे चिकटलं, तेही कुसळासारखं.

ज्या डोंगराचं नाव दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे, तो तारमास्तरांच्या मनातून उतरलाच म्हणून समजा. वर तटबंदी असली, लेणं असलं, देवळावर झेंडा असला, की ते मान फिरवून घेत. एकदा पुण्याहून माझे दोन चुलतभाऊ लोहगड बघायला म्हणून आले. तारमास्तरांनी मोठ्या आस्थेने वाट दाखवायचं पत्करलं आणि सकाळभर चालवून त्यांना एका बोडक्या टेपाडावर नेऊन बसवलं. भावांनी लोहगडाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याच्याकडे रोज माणसं जातात. आपल्यावाचून त्याचं काही अडलेलं नाही. याच्याकडे गेल्या दिवाळीनंतर आपणच आलो." भाऊ त्यानंतर पुण्याहून माझ्याकडे आले नाहीत. तो फायदा मी तारमास्तरांच्या खात्यावर जमा धरतो.

तारमास्तरांचा हंगामही ठरलेला असे. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की बूट निघत, आणि डोंगरांवरचं गवत कापून, गाड्यांत भरून स्टेशनाकडे गेलं की ते पुन्हा पेटीत जात. पावसाळ्यात डोंगर दिसत नाहीत आणि उन्हाळ्यात बघवत नाहीत, असं त्यांचं मत होतं. मधल्या त्या दोन महिन्यांत मात्र गवत पिवळंधमक होई, हवेला धार येई, आणि तारमास्तर धोतराचा काचा मारून, डोक्याला रेल्वेची जुनी टोपी घालून, छत्री घेऊन निघत. छत्री कधी उघडलेली मी पाहिली नाही.

टेकडी चढायलाही त्यांना परवानगी लागे. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम तीस वर्षांत त्यांच्या रक्तात गेला होता. म्हणून पायथ्याशी थांबून ते समोर दिसेल त्याला विचारत, "जाऊ का वर?" बहुधा एखादी गवत कापणारी मावशी असे. ती म्हणे, "जावा की, आमी का धरून ठिवलंय?" हे उत्तर मिळालं की घड्याळ बघून ते वहीत वेळ टिपत. कोणीच नसेल तर आम्ही कोणी येईपर्यंत बसून राहत असू. एकदा पाऊण तास बसल्यावर मी कंटाळून समोरच्या म्हशीकडे बोट दाखवलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "ती जबाबदार कर्मचारी नाही."

ती वही म्हणजे त्यांचा प्राण. टेकडीचं नाव, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि शेवटी शेरा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हा बाणा. या वहीने टाकवे बुद्रुकला आमच्यावर भलता प्रसंग आणला. मावळातल्या खेड्यांना वहीवाल्या माणसांचं वावडं होतं, आणि ते उगीच नव्हतं. असाच कोणी टोपीवाला डोंगरावर उभा राहून वहीत लिहून जाई, आणि मागाहून धरण येऊन गावंच्या गावं पाण्याखाली जात. टाकव्याच्या टेकडीवरून आम्ही उतरलो तर खाली एक आबा काठी आडवी धरून उभे. मागे चार गडी, कोयत्यांसकट.

"काय लिवलंय ते वाचा," आबा म्हणाले.

तारमास्तरांनी चष्मा लावला आणि तार वाचावी तसं वाचलं, "चढण साधारण. माथ्यावर तीन दगड, एक घाणेरीचं झुडूप. वारा बरा. इतर काही नाही."

आबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग काठी खाली केली. "खरं लिवलंय," ते म्हणाले. "पर दगुड चार हायती. येक गवतात बुजलाय."

मला वाटलं, सुटलो. पण तारमास्तरांचा चेहरा पडला होता. चुकीची नोंद घेऊन घरी जाणं त्यांना शक्य नव्हतं, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून दुरुस्ती करणं त्याहून शक्य नव्हतं. त्यांनी आबांकडे रीतसर लाइन क्लिअर मागितली आणि उभ्या उन्हात टेकडी पुन्हा चढले. दगड चार होते. त्या दिवसापासून टाकव्यात आम्हाला गूळपाणी मिळू लागलं, आणि लोक आमच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघू लागले.

घरी तारमास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, वाट बघत असत. नवरा ओसरीवर बसला की त्या दिवा जवळ ओढून त्याच्या धोतरातली कुसळं वेचायला घेत. बारीक, टोकदार, उलट्या काट्यांची ती कुसळं एकेक करून काढायला तास मोडे. काकू कधीच कुठलं टेकाड चढल्या नव्हत्या, पण कुसळं चिमटीत धरून त्या सांगत, "आज माळाच्या अंगाने गेला होतात," किंवा "ओढ्याकडून उतरलात ना?" आणि ते नेमकं निघे. मग दर रविवारी त्या एकच प्रश्न विचारत.

"वर काय होतं?"

"काही नाही," तारमास्तर म्हणत.

हा संवाद मी येण्याआधी वीस-पंचवीस वर्षं चालला होता. काही नाही ते बघायला माणूस दर रविवारी भाकरी बांधून का जातो, हे कोडं काकूंनी सोडवायचं सोडून दिलं होतं. आणि त्यांनाही एकदा न्यावं, हे तारमास्तरांना सुचलं नव्हतं. मी एकदा तसं सुचवलं, तर ते खरोखर चकित झाले. म्हणाले, "तिला कुसळं टोचतील."

सगळ्या वहीत एकाच टेकडीपुढची जागा कोरी होती. कामशेत स्टेशनाच्या मागे एक लहानसा डोंगर आहे. गवत कापायला येणाऱ्या बाया त्याला पालथं टोपलं म्हणत. तारमास्तर कामशेतला अकरा वर्षं होते, आणि तारेच्या यंत्राशी बसलं की खिडकीतून तेवढंच दिसे. तरी ते कधी चढले नाहीत. चांगला घास माणूस ताटात शेवटी ठेवतो, तसं त्यांनी ते ठेवलं होतं. बाकीची सगळी झाली की ते, आणि मग वही बंद. ती वेळ आली त्या वर्षी, दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधी, भाद्रपदात त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे जिनासुद्धा चढायचा नाही.

दसरा आला आणि गेला. बूट पेटीतून निघाले, पुसले गेले आणि ओसरीवर नुसते राहिले. तारमास्तर कुरकुरले नाहीत. ते वही उघडत, ती कोरी जागा बघत आणि मिटत. मला ते बघवत नव्हतं. मी म्हणालो, मी चढून येतो, दगड मोजतो, तुम्ही लिहा. त्यांनी मान हलवली. ऐकीव नोंद त्यांनी टाकव्याच्या आबांचीसुद्धा घेतली नव्हती. मी तर शाळामास्तर.

यावर काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी जाते."

तारमास्तरांनी खूप कारणं काढली. काकू भाकऱ्या थापत राहिल्या. शेवटी ते हरले आणि, हरलेला माणूस करतो तशा, सूचना देऊ लागले. माथ्यावर पोचल्याची खूण म्हणून काहीतरी हलवायचं, पण हिरवं लुगडं नेसायचं नाही. एखादा ड्रायव्हर फसायचा. लाल तर नाहीच. म्हणून काकू वांगी रंगाचं नेसल्या आणि भाकरीचं पांढरं फडकं बरोबर घेतलं.

कामशेतला तारमास्तरांना फलाटाच्या बाकावर बसवून आम्ही दोघं निघालो. पायथ्याशी काकू थबकल्या आणि गवताचे भारे बांधणाऱ्या एका बाईला त्यांनी विचारलं, "जाऊ का वर?" ती म्हणाली, "जावा की आक्का, लय सोपं हाय." सोपं नव्हतं. काकू चार पावलं चालत, थांबत, पुन्हा चालत. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

वर खरंच काही नव्हतं. गवत होतं, ते वाऱ्याने एका बाजूला निजत होतं. खाली इंद्रायणी होती, गवताने भरलेल्या बैलगाड्यांची रांग होती, रूळ होते, आणि फलाटावर एक ठिपका होता. काकू खाली बसल्या. फडक्यातली अर्धी भाकरी त्यांनी सावकाश खाल्ली, उरलेली मला दिली. मी दोनदा फडक्याची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "थांब जरा. मला बघू दे." मग त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी फडकं हलवलं. खालचा ठिपका उभा राहिला. त्याने छत्री उघडून डोक्यावर धरली. छत्री उघडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आम्ही खाली आलो तेव्हा तारमास्तर घड्याळ हातात धरूनच बसले होते. "वीस मिनिटं लेट," ते म्हणाले. काकू शेजारी टेकल्या. तारमास्तरांनी वही उघडली, पेन्सिलीला जीभ लावली आणि थोडं अडखळतच विचारलं, "वर काय होतं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या.

"दगड किती?"

"मोजले नाहीत."

तारमास्तरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग खाली मान घालून, न पाहता केलेली त्यांच्या आयुष्यातली पहिली नोंद केली. मी डोकावून वाचली. 'पालथं टोपलं. वर काही नाही. माहिती खात्रीची.' वही त्यांनी माझ्या हातात दिली आणि वाकून, भर फलाटावर, काकूंच्या लुगड्याच्या काठातली कुसळं वेचायला सुरुवात केली. गाडीची माणसं जमली होती. काकू कावऱ्याबावऱ्या झाल्या. लोक बघताहेत म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. एक कुसळ चिमटीत धरून ते म्हणाले, "नदीच्या अंगाने उतरलात ना?"

"हो," काकू म्हणाल्या. "तिकडून बरं दिसतं."

पुढचा दसरा तारमास्तरांनी पाहिला नाही. कार्तिकातल्या एका रविवारी सकाळी माझी कडी वाजली. दारात काकू होत्या. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, काखेला ती छत्री. वहीत अजून पानं कोरी आहेत म्हणाल्या.

"टाकव्याला दगड चार आहेत म्हणतात ना," काकू म्हणाल्या, "ते एकदा बघून येऊ."

मी बूट घालायला आत गेलो.