दाजींचा राहिलेला घाट

आमच्या दाजींइतका चारचौघांत मान खाली घालायला लावणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. दौंडात शोधण्यात अर्थ नाही, कारण दौंडवाल्यांनी आमच्या ताईशी लग्न लावून त्यांना कायमचं इकडं धाडून दिलंय. तसा स्वभावानं देवमाणूस. शिरूरला राहतात, रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्ट करतात, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाहीत आणि ताईच्या शब्दाबाहेर जात नाहीत. पण त्यांना घाटांचं वेड आहे. दौंडकडं सगळा सपाट मुलूख, ऊस आणि कॅनॉल. आमच्याकडं यात्रेला गावोगाव बैलगाडे पळतात, आणि ज्या चढावर पळतात तो घाट. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दाजींनी आमचा घाट लांबून पाहिला आणि त्यांचं जे काही व्हायचं ते होऊन गेलं. जिल्ह्यातला एकूण एक घाट बघितल्याबिगर मरायचं न्हाई, असं त्यांनी ताईला सांगितलं. "बरंय की, म्हंजी लई दिस जगताय," ताई म्हणाली.

आणि नुसता बघून भागत नाही. घाट 'धरायचा' म्हणजे हिशोबात घ्यायचा तर त्याचे कायदे आहेत. खालच्या रेषेपासून वरपर्यंत अनवाणी चालायचं. ऊन असो, धुरळा असो, पहिल्या बारीपासून, म्हणजे गाड्याच्या पहिल्या फेरीपासून, शेवटच्या बारीपर्यंत जागचं हलायचं नाही. मधेच उठून आलं तर तो घाट धरत नाहीत. ज्या देवाची यात्रा असते त्याचं दर्शन मात्र कळसाला लांबूनच हात जोडून. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "द्येव काय, कुठंबी भेटतो. घाटाला तितंच जावं लागतंय." शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत तर कहर. गप घरी बसावं की नाही? हे रिकामे घाट बघत हिंडायचे. एका गावात हे अनवाणी चढ चढताहेत, मधेच वाकून माती चाचपताहेत, हे बघून लोकांना वाटलं रस्त्याची मोजणी आली, आपल्या जमिनी चालल्या! त्यांनी दाजींना घेरलं आणि पारावर बसवून ठेवलं. सोडवायला मी गेलो. "पाव्हणं काय करत व्हते तितं?" सरपंचांनी मला विचारलं. काय सांगणार? "त्यांना चढ आवडतो," एवढंच तोंडातून निघालं. त्या माणसानं माझ्याकडं ज्या कीव आलेल्या नजरेनं बघितलं, ती अजून आठवली की कानशिलं तापतात.

त्याहून वाईट म्हणजे नात्यातल्या एका म्हाताऱ्याचा दहावा. नदीकाठी पिंड ठेवलेले, कावळा काही शिवेना, सगळे श्वास रोखून उभे. आणि दाजी हळूच मयताच्या थोरल्या मुलाजवळ सरकले. मला वाटलं धीर द्यायला गेले. तर कानात म्हणतात, "तुमच्या गावचा घाट कुठंशी हाय?" त्या बिचाऱ्यानं टक्कल केलेलं डोकं हलवून नदीपलीकडं बोट दाखवलं, आणि तेवढ्यात कावळा शिवला. परतताना दाजी मोटारसायकलवर मागं बसून म्हणतात, "बघा, म्हाताऱ्याची विच्छा घाटातच अडाकली व्हती." मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पण या सगळ्या लाजेला हसता येतं. एक गोष्ट अशी झाली की तिला आमच्या घरात कोणी हसलं नाही. बंदी उठली आणि आमच्या गावात पहिली यात्रा भरली. आमचं गाव भीमेच्या काठचं, वडगाव रासाईच्या अंगाला. बंदीच्या सगळ्या काळात आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दावण मोडली नव्हती. लोक बैल विकून मोकळे झाले, आबा खोंडं वाढवत राहिले. आम्ही चहात दूध कमी घातलं पण खोंडांच्या दुधाला धक्का नाही. त्या दिवशी आमचा गाडा जुंपणार, आणि गावानं जावयाला मान दिला. फेटा बांधला, नारळ दिला, आणि वरच्या रेषेवरचा झेंडा हातात दिला. काम सोपं. गाड्यानं रेषा ओलांडली की झेंडा खाली पाडायचा, तो बघून घड्याळवाला घड्याळ बंद करतो. दाजींनी दिवसभर चोख पाडला. मग आमचा गाडा सुटला. काय पळाला म्हणून सांगू! घोडी पुढं, मागं चारी बैल एका अंगानं. गाडा रेषा ओलांडून गेला, धुरळ्यात दिसेनासा झाला, आणि दाजी तोंड उघडं टाकून, झेंडा तसाच आभाळात धरून बघत राहिले! घड्याळ चालूच. आमची बारी गावातल्या रडक्यातल्या रडक्या गाड्याच्या खाली गेली.

आबा धावत मांडवात आले, पुकारणाऱ्याच्या हातातला माइक हिसकला, आणि जावई आहे, लेकीचा धनी आहे, सगळं विसरून ओरडले, "आरं, कुनी दिला झेंडा ह्या येड्याच्या हातात? ह्येच्यापरीस माजा बैल शाना हाय!" भोंग्यांवरून ते नदीपल्याड दौंडच्या हद्दीत ऐकू गेलं असणार. घाट हसला. दाजींनी झेंडा खाली ठेवला, डोक्यावरचा फेटा उतरवून त्याची नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि ताईला घेऊन शिरूरला निघून गेले. पुढच्या वर्षी गावानं झेंडा मोडीत काढून सेन्सर बसवला. चारचौघांत लोक त्याला दाजींचा सेन्सर म्हणतात, आणि मी लक्ष नसल्यासारखं करतो.

त्यानंतर दाजी आमच्या यात्रेला आले नाहीत. ताईला कधी अडवलं नाही, पण नवऱ्याला घरी ठेवून माहेरच्या यात्रेला एकटी गेली तर बायका विचारणारच. तीही थांबली. पोळ्या लाटताना आई डोळे पुसायची. आणि आबा? ज्यांनी आयुष्यभर घाटाशिवाय काही पाहिलं नाही, ते यात्रेदिवशी कांद्याच्या वावरात जाऊन बसायला लागले. जावयाला शिवी दिली होती, तीही भोंग्यावरून. गावाला तोंड कसं दाखवायचं? आणि सासऱ्यानं जावयाची माफी मागायची कशी, हे आमच्याकडं कोणी कोणाला शिकवलेलं नाही. दाजींचे मात्र बाकीचे घाट होत गेले. शेवटी एकच राहिला, आमचा. मी एकदा धीर करून विषय काढला, तर जमिनीकडं बघत म्हणाले, "त्यो ऱ्हाऊ द्या. आमी मधनंच उठून आलोय तितनं."

यंदा यात्रेच्या आधी आबा सकाळीच म्हणाले, "मला शिरूरला ने." आताशा त्यांना नीट दिसत नाही, समोरचं माणूस आवाजावरून ओळखतात. दाजी नुकतेच शिफ्टवरून आलेले. सासरे स्वतः आमंत्रण घेऊन आले म्हटल्यावर त्यांची तारांबळ उडाली, शर्टाची बटणं वरखाली लागली. आबांनी चहा बशीत ओतला, निवेपर्यंत फुंकला, संपवला. मी छताकडं बघत होतो, ताई दाराआड. मग आबा म्हणाले, "पाव्हणं, मला आता दिसत न्हाई. घाटावं शेजारी बसून सांगाया मानूस पायजे. गावातल्या कुनाच्या सांगन्याव माजा इस्वास न्हाई."

दाजींची मान खालीच. "मामा, सांगन्यात बी चुकलो तर?"

"चुका की. मला कुठं दिसतंय?"

ताई दाराआडून रडता रडता हसली.

यात्रेला दोघं घाटाच्या वरच्या अंगाला घोंगडीवर बसले. आबांनी जावयाचं मनगट घट्ट धरलेलं. लोक वळून बघत होते, काहींनी खाकरून घेतलं. मला वाटलं आता कोणी सेन्सरचा विषय काढतो, पण कोणी काढला नाही. दाजी सांगत होते, "सुटला मामा... घोडी फुडं हाय... आला, आला..." आणि आबा प्रत्येक बारीला मान डोलवत होते. शेवटची बारी पळेपर्यंत दोघंही हलले नाहीत. सावल्या लांबल्यावर मी आबांना उठवून गाडीत बसवलं.

मग दाजींजवळ आलो. ते अजून घोंगडी झटकत होते. म्हटलं, "झालं एकदाचं, दाजी! जिल्हा पुरा झाला. कसा वाटला आमचा घाट?"

"कुनी बगितला?" दाजी म्हणाले. "एक बी बारी बगितली न्हाई. लोकं वरडली की मी बी वरडायचो, आन् मनानंच सांगायचो. सारा येळ मामांच्या तोंडाकडंच बगत बसलो. कसलं हसत व्हते हो!"

"मग हा घाट धरायचा की नाही?"

त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. गाडीतून आबा हाक मारत होते, मला नाही, त्यांना.

"न्हाई धरायचा," दाजी म्हणाले. "फुडल्या साली येऊन नीट बगू."

पुढल्या सालीही ते बघणार नाहीत, हे मला तिथंच कळलं. आबा आहेत तोवर हा एक घाट दाजींचा राहणारच.