बाबांचं 'गुडर' इंग्रजी

माझ्या वडिलांनी इंग्रजी शिकायचं ठरवलं तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि शिकवायला मी होते. यातलं वय ही अडचण नव्हती.

बाबा रेल्वेत गँगमन होते. नांदेड ते धर्माबाद रूळ तपासण्यात उमर गेली, इंग्रजीवाचून कधी अडलं नाही. अडलं ते ताईच्या रेवापाशी. सहा वर्षांची नात, मेलबर्नला वाढलेली, मराठी शून्य! व्हिडिओ कॉलवर हे इकडून हात हलवायचे, ती तिकडून. चार वर्षं नुसते हात!

"लई न्हाई, चार शब्द शिकव," बाबा म्हणाले.

चार शब्द? मी इंग्रजीची एम.ए.! थेट विशेषणांच्या तुलनेलाच हात घातला. "दोघांत तुलना असली की 'अर', सगळ्यांत असली की 'एस्ट'. टॉल, टॉलर, टॉलेस्ट." (अपवाद पुढच्या आठवड्यात घेणार होते. पोर्शन असतो ना!)

दुसऱ्या दिवशी गेटवर शेजारच्या काळेमावशी भेटल्या. बाबांनी सराव केला. "लास्ट इयर, मावशी फॅट. नाऊ, मावशी फॅटर!" मावशींना इंग्रजी येत नाही; पण एवढं कुणालाही येतं. त्यांच्याकडे भाजी घालून दिलेली आमची वाटी संध्याकाळी पहिल्यांदाच रिकामी परत आली!

रविवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसले.

"हाय आजोबा! हाऊ आर यू?"

"आय गुड," बाबा म्हणाले. "यू कम नांदेड, आय गुडर. यू, मम्मी, ऑल कम... आय गुडेस्ट!"

तिकडे ताईनं तोंडाला ओढणी लावली. आणि इकडे मी ओरडले, "बाबा, गुडर नसतं! बेटर! बेस्ट!"

"असं व्हय," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "मग तूच बोल." आणि परसात कढीपत्त्याला पाणी घालायला गेले.

"लई शानी हाईस!" आई कडाडली. "चार वर्षांनी मानूस बोलून राहिला, अन् तू चुका काढून राहिलीस!"

मी परसात गेले. "बाबा, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? मलाच घाई झाली." ते झाडाकडेच बघत होते. "पोरगी तिकडं टॉल झाली, टॉलर झाली. टॉलेस्ट व्हायच्या आत एकदा यावी, एवढंच."

यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी रेवाचा आवाज व्हॉट्सअॅपवर आला : "आजोबा, व्हेन आय कम, आय विल बी गुडेस्ट टू!" खाली ताईनं लिहिलं होतं, यंदाही सुट्टीचं जमत नाही.

खालचं बाबांनी एकदाच वाचलं. वरचं पाच वेळा ऐकलं.

"बरोबर बोलली का गं?"

"शंभर टक्के!" मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच मी इंग्रजी चुकीचं शिकवलं, आणि पहिल्यांदाच माझ्या विद्यार्थ्याला ते नीट समजलं!